ऐंशी टक्के आणि गाण्याचं कपाट

आमच्या गल्लीत मध्यंतरी अशी कुजबुज होती की लिफ्टवाल्याने घरामागच्या वर्कशॉपमध्ये बाई ठेवली आहे.

कुजबुज म्हणायची आपली एक रीत. लाँड्रीवाला ती सांगायचा तेव्हा समोरच्या फुटपाथवरची माणसंही चालता चालता हळू व्हायची. बातमी त्याच्याकडूनच उठली, कारण त्याच्या दुकानाची मागची भिंत आणि त्या वर्कशॉपची भिंत एकच. भिंतीला कान असतात असं आपण ऐकतो. या भिंतीला लाँड्रीवाल्याचे होते. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवताना त्याला पलीकडून बाईचा आवाज आला. तरुण, गोड, प्रत्येक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. ती म्हणाली, "कृपया थोडे मागे सरा." मग जरा शांतता. मग पुन्हा, "कृपया थोडे मागे सरा."

"बाई सभ्य आहे हो," लाँड्रीवाला मला म्हणाला. "दर वेळी कृपया म्हणते."

आता जिला दर वेळी मागे सरा म्हणावं लागतं, तिच्यापुढे माणूस किती पुढे सरकत असेल, हे ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे ठरवलं. गल्लीची कुवत या बाबतीत चांगली आहे. संध्याकाळपर्यंत त्या बाईला केस लांब आले, रात्रीच्या जेवणापर्यंत तिला नवऱ्याने टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने तिला प्रत्यक्ष पाहिलंसुद्धा. पाठमोरी.

ज्याच्यावर हा आळ आला त्या गृहस्थाला पाहिलेलं असतं तर तुम्ही हसला असतात. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. बुटका, खांद्यात वाकलेला, कानामागे पेन्सिल. ती पेन्सिल कानामागे आहे हे विसरून तो दुसरी शोधायचा, आणि सापडली की ती दुसऱ्या कानामागे ठेवायचा. चालता चालता एखाद्या इमारतीत शिरला की आधी लिफ्टच्या दाराला कान लावणार, मग ज्याच्याकडे आलाय त्याची बेल वाजवणार. त्याचं खरं नाव पोस्टमन सोडून कोणी घेत नसे. गल्लीत त्याचं नाव ऐंशी टक्के.

नाव त्याच्या सासूबाईंनी ठेवलं होतं, आणि सासूबाई उगाच नावं ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुरावा दाखवून ठेवायच्या. त्यांच्या बसण्याच्या खोलीतल्या भिंतीवर जावयाने बनवलेलं घड्याळ होतं, त्याला तासकाटा होता, मिनिटकाटा व्हायचा होता. न्हाणीघरात एक फळी होती, डावीकडून पक्की. अंगणाचं फाटक सुरेख उघडायचं. मिटायचं काम बाकी होतं. पक्ष्यांसाठी त्याने लाकडी घर केलं होतं, त्याला छप्पर नव्हतं, तरी एका चिमणीने त्यात संसार थाटला आणि पुढच्या वर्षी ती आली नाही. "तिलाही कळलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं की जावयाने आयुष्यात एकच गोष्ट पूर्णत्वाला नेली, ती म्हणजे लग्न, आणि ते काम बरंचसं दुसऱ्यांच्या हातात होतं म्हणून.

मी एकदा त्याला विचारलं होतं की बाबा रे, हात एवढा चांगला, मग शेवटाला आलं की तुला होतं काय? तो रंधा मारत होता. थांबला नाही. म्हणाला, लिफ्ट कधी पूर्ण होत नसते, चालू असते. आणि चालू लिफ्टसाठी मेकॅनिकला कोणी बोलावत नाही. बोलावलं म्हणजे शिव्या द्यायलाच. इतकी वर्षं हे ऐकून त्याच्या मनाने असं घेतलं होतं की वस्तू पूर्ण झाली की तक्रार सुरू. अपुरी आहे तोवर कोण काय बोलणार? फार तर म्हणतील, अजून झाली नाही वाटतं. हे तत्त्वज्ञान मला पटलं. मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तुम्ही त्यांच्या नादी लागू नका, तुमचं आधीच किती झालंय ते आम्ही बघतोय.

त्याच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. वहिनी पडदे शिवायच्या. उशीचे अभ्रे नाहीत, कपडे नाहीत, फक्त पडदे, आणि असे की खिडकी स्वतःला मोठी समजायला लागावी. त्यांच्या तोंडात सदैव चार टाचण्या. त्यामुळे त्या कमी बोलायच्या आणि बोलायच्या तेव्हा ओठांच्या एका कोपऱ्यातून, घोगऱ्या आवाजात. शिवणयंत्र होतं जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे त्या घरात माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवायची, आणि घासात दोरा आला की कोणी चेहरा करत नसे, बाजूला काढून ठेवत.

हे वर्षानुवर्षं चाललं असतं. पण वहिनींना सभागृहाच्या पडद्याचं काम मिळालं. रंगमंचाचा पडदा, जाड मखमल, दोन्ही बाजूंनी सरकणारा. आजवर त्यांनी केलेल्या सगळ्या कामांपेक्षा मोठं. कापडाचे तागे आले आणि दिवाणावर, पलंगाखाली, सासूबाईंच्या खुर्चीमागे जाऊन बसले. ते पसरायला घरात एकच जागा होती: मागचं वर्कशॉप.

वहिनींनी टाचण्या काढून बशीत ठेवल्या, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाल्या, मला ती खोली हवी.

ऐंशी टक्क्याचा चेहरा असा झाला, की दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं त्याला जो चेहरा दाखवत आली, तो त्याला अखेर जमला. निवृत्त झालेल्या पुरुषाला घरात जागा नसते. म्हणजे खुर्ची असते, पण ती खुर्ची सतत कोणाच्या तरी वाटेत असते. त्याची जागा म्हणजे ती खोली. तिथला लाकूड घट्ट धरणारा वाईस, तिथलं खिडकीखालचं बाक, डब्यांत लावून ठेवलेले स्क्रू. ती गेली की त्याने दिवसभर कुठे उभं राहायचं, हा खरा प्रश्न होता, आणि तो त्याला बोलून दाखवता येईना. तो म्हणाला, "अगं, पण माझी कामं अर्धी आहेत तिथे."

"तेच म्हणतेय," वहिनी म्हणाल्या. "एक पूर्ण करा. एकच. मागून, पुढून, खालून, सगळीकडून पूर्ण. केलीत तर खोली तुमची, मी कापड परत पाठवते. नाही केलीत तर माझी. ताग्यांना कसर लागायच्या आत."

आणि पूर्ण झालं की नाही हे ठरवणार कोण, तर सासूबाई. दोघांनाही मान्य होतं. वहिनींना कारण त्यांची आई. त्याला कारण सासूबाई कोणाचीच बाजू घेत नाहीत, स्वतःच्या लेकीचीही नाही, हे त्याने उभ्या संसारात पाहिलं होतं.

बाकी वस्तू अर्ध्या होत्या, पण त्याने नवी काढली. हेही त्याच्या स्वभावाला धरूनच. म्हणाला, जुन्यांचा उत्साह गेलाय. त्याच्याकडे पाडलेल्या एका हॉटेलच्या लिफ्टमधून आणलेली बटणांची पितळी पाटी होती, वीस मजल्यांची, गोल गोल बटणं, दाबलं की मागून पिवळा दिवा. ती पाटी तो वर्षानुवर्षं पुसत आला होता, बायकोने लग्नातलं भांडं पुसावं तशी. आता त्याला सुचलं की वीस बटणांवर वीस गाणी बसतील. ज्यूकबॉक्स करायचा. पूर्वी खाणावळीतून असायचं ना, मोठं कमानदार कपाट, बटण दाबलं की हवं ते गाणं वाजायचं, तसं. पण आत तबकड्या नाहीत, पत्त्याच्या जोडाएवढा छोटासा संगणक. सासूबाई त्याला शेवटपर्यंत गाण्याचं कपाट म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर तेच बरोबर होतं, कारण ते ज्यातून झालं ते वहिनींचं जुनं कपडेकपाटच होतं.

काम मी जवळून पाहिलं. मला दुसरं काही नव्हतं, आणि त्या बाईचाही शोध घ्यायचा होता. कपाटाचा वरचा भाग त्याला गोल हवा होता. प्लायवूड सरळ वाकत नाही. त्याच्या पाठीवर करवतीने जवळ जवळ चिरा पाडतात, खोल पण आरपार नाही, मग गरम पाण्याचं फडकं ठेवून हळूहळू वाकवतात. पहिली फळी अशा आवाजात मोडली की पलीकडे लाँड्रीवाल्याने एका बाहीला इस्त्रीचा त्रिकोण उठवला. आणि गल्लीत बातमी गेली की आज आत भांडण झालं. दुसऱ्या फळीसाठी त्याने लिफ्टचं एक जुनं मोठं चाक आणलं, ज्यावरून दोर जातो ते, आणि फळी त्याच्या अंगावरून वळवत आणली. अशी वळली की सासूबाईसुद्धा हात फिरवून गेल्या. बोलल्या काही नाहीत. न बोलणं हे त्यांच्याकडचं प्रशस्तिपत्र.

कपाटाच्या पोटात मोटारीतले दोन स्पीकर बसले. पुढे दुधी प्लास्टिकचा पत्रा, त्यामागे रंग बदलणाऱ्या दिव्यांची पट्टी. पितळी पाटी छातीशी. प्रत्येक बटणाशेजारी गाण्याचा कागद, वहिनींच्या अक्षरात, कारण त्याचं अक्षर त्याला स्वतःलाही लागत नसे. संगणकाला काय करायचं ते शिकवणं, म्हणजे त्याचा प्रोग्राम, हे सगळ्यात अवघड जाईल असं मला वाटलं होतं. तेच त्याने चुटकीसरशी केलं. म्हणाला, बटणं, दिवे, कोणतं आधी कोणतं नंतर, यात काय आहे, हेच तर केलं आयुष्यभर.

हे वाक्य लक्षात ठेवलं पाहिजे असं त्या वेळी आम्हाला कोणालाच वाटलं नाही.

इकडे कुजबुज जोरात होती. शेवटी लाँड्रीवालीला राहवेना. ती वहिनींकडे गेली, मी तिथेच बसलो होतो हे मी माझं भाग्य समजतो. तिने आधी पडद्यांची चौकशी केली, मग तब्येतीची, मग वहिनींचा हात हातात घेतला.

"वहिनी, तुम्ही धीर धरा. पुरुषाची जात. उतरत्या वयात असं होतं."

"कसं होतं?" वहिनी म्हणाल्या.

मग लाँड्रीवालीने सांगितलं. भिंत, आवाज, मागे सरा, सगळं. मी छताकडे पाहत होतो. वहिनींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"आवाज कसा आहे तिचा?"

"आता काय सांगू? गोड आहे हो. अगदी मध."

"तरुण वाटते?"

"विशीतली असेल."

वहिनी जरा विचारात पडल्या. मग त्यांनी लाँड्रीवालीला थांबवून चहा पाजला, बरोबर बिस्किटं, आणि ती गेल्यावर यंत्रावर बसून गुणगुणत एक आख्खी कड शिवली. नवऱ्याच्या भानगडीची बातमी ऐकून इतकी खूश झालेली बायको मी पाहिली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाल्या, भाऊजी, तुमचा चहा गार होतोय.

ऐंशी टक्क्याचं काम ऐंशीला आलं, ते आम्हाला सगळ्यांना कळलं, कारण तो वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहायला लागला. कपाट वाजत होतं, दिसत होतं छान, फक्त पाठ उघडी. आतल्या तारा, संगणक, सगळं दिसायचं. हीच त्याची जागा. इथे आला की त्याला नवीन काहीतरी सुचायचं. मी पाहिलं, त्याने एकदा त्या छप्पर नसलेल्या पक्ष्यांच्या घराकडे मायेने पाहिलंसुद्धा. म्हणाला, पाठ भिंतीकडेच असणार, कोण बघणार?

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "मी."

मग त्याने दात ओठ खाऊन पाठ लावली. आणि कशी लावली. माणूस व्यसन सोडतो तेव्हा जसा चहाही सोडतो, तसं त्याचं झालं. नुसत्या स्क्रूंवर भागवलं नाही, कडेने सरस लावला, वर स्क्रू मारले, स्क्रूंच्या डोक्यांवर लांबी, म्हणजे सुतार भोकं बुजवायला लावतात तो लगदा, भरली, घासली, वर पॉलिश. स्क्रू कुठे आहेत ते त्यालाही नंतर सापडलं नसतं. एक विजेची वायर तेवढी बाहेर. मी त्याला इतका घाबरलेला आणि इतका सुखी एकाच वेळी कधी पाहिला नव्हता.

निकालाची दुपार ठरली. वर्कशॉपमध्ये आम्ही सगळे: सासूबाई खुर्चीवर मध्ये, वहिनी दाराशी गळ्यात मापाची टेप, मी, आणि लाँड्रीवाला नवराबायको, ज्यांना मी बोलावलं होतं, कारण त्यांनी आतून खोली पाहायला हवी असं मला वाटलं. लाँड्रीवाल्याने आल्याबरोबर बाकाखाली वाकून पाहिलं. तिथे कोणी बाई नव्हती. लोखंडी पेटी होती. त्याने पेटीही जरा हलवून पाहिली.

सासूबाईंनी तपासणी सुरू केली. कोपऱ्यांतून बोट फिरवलं. पाठीवर टकटक केली. मग पिशवीतून हातातला आरसा काढून कपाटाच्या खाली धरला आणि तळ पाहिला. तळालाही पॉलिश होतं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू परीक्षकाला उत्तर बरोबर सापडलंय आणि पेपर दुसऱ्याचाच तर नाही ना अशी शंका आली आहे.

"वाजवा," त्या म्हणाल्या.

त्याने चौथं बटण दाबलं. कपाटाला उजेड आला, कमानीवरून रंग सरकत गेले, आणि कपाटाच्या पोटातून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "वर जात आहे. कृपया थोडे मागे सरा."

लाँड्रीवाला खरोखर मागे सरला.

ऐंशी टक्के घाईघाईने खुलासा करायला लागला. लिफ्टमधल्या जुन्या घोषणेची चकती त्याच्याकडे होती, तीही जोडली, एकटा असला की स्पीकर जुळवायला तीच पुन्हा पुन्हा लावायचा, गाणं सुरू व्हायच्या आधी बरं वाटतं. लाँड्रीवाली नवऱ्याकडे पाहत होती. लाँड्रीवाला आपल्या चपलांकडे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बाई बोलते बरी," आणि लेकीकडे पाहिलं. लेक टेपेची गुंडाळी करण्यात गर्क होती.

चौथं गाणं सुरू झालं. सासूबाई उठल्या आणि दोन नंबरचं बटण दाबलं. ते त्यांचं गाणं. संथ, जुनं, विहिरीत एकेक पायरी उतरल्यासारखं. आपल्यानंतर इतरांना दाबू दिलं. लाँड्रीवाल्याने सात दाबलं. त्याच्या बायकोने पंधरा. मी अकरा. दाबलेल्या सगळ्या बटणांत पिवळे दिवे.

चौथं संपलं. "वर जात आहे," बाई म्हणाली, आणि सातवं लागलं.

"मी आधी दाबलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

त्याने पाटीवर बोटाने टिचकी मारली. वहिनी म्हणाल्या, चुकून झालं असेल. सातवं संपलं. "वर जात आहे." अकरावं. म्हणजे माझं. मी दाबलं होतं सगळ्यात शेवटी. पंधराच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आत बसून गाणी लावतोय. तेवढ्यात लाँड्रीवाल्याला उत्साह आला, त्याने अठरा दाबलं. पंधरा वाजलं, अठरा वाजलं. सासूबाईंच्या दोन नंबरचा दिवा पेटलेला, आणि सासूबाई खुर्चीत ताठ. तळमजल्यावर सामान घेऊन उभं राहावं आणि लिफ्टने वरच वर जावं, हे ज्याने भोगलंय त्याला तो चेहरा ओळखता येईल.

ऐंशी टक्क्याला ओळखता आला. मी त्याच्याकडेच पाहत होतो. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग आधी गेला आणि मग कानांपासून परत आला.

"मी लिफ्ट केली," तो हळूच म्हणाला.

कोणाला कळेना. त्याने समजावलं. लिफ्ट कोणी आधी बटण दाबलं ते बघत नाही. वर निघाली की वाटेतले सगळे मजले घेत वर जाते, वरचं संपलं की खाली वळते आणि मग खालचे घेते. तसं नाही केलं तर ती वेड्यासारखी वरखाली पळत राहील. संगणकाला शिकवताना त्याच्या हाताने आपोआप तेच लिहिलं. आणि इतक्या दिवसांत त्याच्या लक्षात कसं आलं नाही? तर तो एकटाच होता. एक बटण दाबायचं, एक गाणं ऐकायचं. एकाच माणसाला घेऊन जाणारी लिफ्ट कधी चुकत नाही.

"मग बदला ते," लाँड्रीवाला म्हणाला. सोपा माणूस.

बदलायला आतला संगणक बाहेर काढायला हवा. ऐंशी टक्क्याने त्या पाठीकडे पाहिलं. सरस, स्क्रू, लांबी, पॉलिश. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी वस्तू अशी बंद केली होती की तोडल्याशिवाय उघडू नये. उघडी ठेवली असती तर बसल्या बसल्या दुरुस्त झालं असतं. मला हसू आवरेना, मी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. ते उघडंच होतं.

अठरावं संपलं. "खाली जात आहे," बाई म्हणाली, आणि सासूबाईंचं गाणं लागलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, डोळे मिटून, आणि मग निकाल दिला.

"चुकलंय. पण पूर्ण आहे. बोली होती ती वस्तू पूर्ण करायची, बरोबर करायची नव्हती. खोली जावयांची."

वहिनी म्हणाल्या, "ठीक आहे." टेप बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. म्हणाल्या, उद्या कापड परत पाठवायची सोय बघते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. घोगरा आवाज आणखी खाली गेला होता.

जिंकलेल्या माणसाने हसायला हवं. हा आपला कपाटाच्या पाठीवर तळवा ठेवून उभा. मग म्हणाला, "आई, ते पूर्ण नाही."

"मी तळसुद्धा पाहिला."

"तळ पूर्ण आहे. पण तुम्ही पहिल्या आलात आणि तुमचं शेवटी लागलं. लिफ्टला ते शोभतं. याला नाही. जी वस्तू आपलं काम करत नाही ती मी पूर्ण म्हणून कोणाच्या ताब्यात दिली नाही कधी." त्याने कानामागची पेन्सिल चाचपली. "म्हणजे, देण्याची वेळच आली नाही, पण दिली नसती."

"म्हणजे हरलात तुम्ही."

"हरलो."

वहिनींनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, त्यांना उदारपणा आणि चलाखी यांतला फरक शिवणीसारखा दिसायचा. "अहो, मुद्दाम हरताय का माझ्यासाठी? तसं असेल तर मला नको."

"मुद्दाम हरायला पूर्ण हरावं लागतं," तो म्हणाला. "ते मला जमायचं नाही. मी ऐंशी टक्के हरतो. खिडकीखालचं बाक माझं राहू दे, बाकी सगळी जमीन तुझी."

सासूबाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि असा निकाल आपल्या अधिकारात बसतो का याचा विचार केला असावा. मग म्हणाल्या, चालेल, पण पाठ फोडायची नाही. कपाट आहे तसंच राहील.

ते तसंच आहे. मखमल त्याच खोलीच्या जमिनीवर पसरली गेली, कापली गेली, शिवली गेली, आणि सभागृहात तो पडदा आज सरकतो, आवाज न करता. उरलेल्या कापडातून वहिनींनी बाकापुढे आडवा पडदा टाकला, त्याच्या भुशाने मखमल खराब होऊ नये म्हणून. त्या पडद्याची खालची पट्टी अजून नुसती टाचलेली आहे, शिवायची राहिली. हा रोग लागट आहे असं माझं मत झालंय. पडद्याआड तो बसलेला असतो आणि काय करतो ते विचारायचं नाही असा घरात ठराव आहे. ठोकण्याचा आवाज मात्र येतो. जेवणाचं टेबल मोकळं झालं. पहिले काही दिवस कोणाला त्यावर जेवताच येईना, हात अवघडायचे.

कपाट मधल्या मोकळ्या जागेत आहे. आता गल्लीला त्याची सवय झाली. आपलं गाणं लवकर हवं असेल तर ते कुठल्या मजल्यावर आहे आणि कपाट वर निघालंय की खाली, हे बघून बटण दाबायचं. लाँड्रीवाला अजून चुकतो. सासूबाई कधीच चुकत नाहीत. अठरावं संपत आलं की त्या खुर्चीतून उठायला लागतात.

राहिली ती बाई. ऐंशी टक्के ज्या लिफ्ट कंपनीत होता, तिच्या कचेरीत वहिनी लग्नाआधी टेलिफोनवर बसायच्या. लिफ्टमधल्या घोषणा कंपनीने त्यांच्याच आवाजात भरून घेतल्या होत्या. भिंतीपलीकडून लाँड्रीवाल्याने ऐकली ती बाई म्हणजे वहिनीच.